साठीच्या आधीची चाळीस वर्षं

आशाताईंनी फॉर्म मांडीवर घेतला, पेनचं टोपण दातांत धरलं आणि विचारलं, “आजी, घरच्या माणसांची नावं विसरता का कधी? घराचा पत्ता?”

आत्या सोप्यात पाय पसरून वाघ्या घेवडा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मालकाचं नाव जल्मात घेतलं न्हाय. मग इसरनार कवा?”

आशाताई हसल्या, सून हसली, मीही हसलो. फॉर्मवर ‘नाही’समोर खूण झाली आणि प्रश्न संपला.

गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगावच्या बाजूचं. आत्या चौऱ्याहत्तरची. बहात्तरच्या दुष्काळात थोरला पाळण्यात होता आणि ती खडी फोडायला जात होती, एवढ्यावरून आम्ही तिचं वय जुळवलेलं आहे. शाळेची पायरी ती चढली नाही, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी घरी हवं होतं. घरात गॅस आला तेव्हा ती पासष्टीला टेकली होती. रक्तदाब कधीपासून वाढलेला होता कुणास ठाऊक, सापडला दहाएक वर्षांपूर्वी.

गावच्या आशा सेविकेच्या, म्हणजे आशाताईंच्या, मांडीवरच्या कागदाला सगळे ‘सीबॅक’ म्हणतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो. रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांची जोखीम कुणाला जास्त ते हेरायचं आणि त्याला तपासणीला पाठवायचं, यासाठी तो बनवलेला आहे. तंबाखू घेता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, आठवड्याला दीडशे मिनिटं अंगमेहनत होते का, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. पुढे लक्षणं येतात : ऐकायला कमी येतं का, दिसायला अंधूक झालंय का. चुलीत काय जाळता, हेही विचारतात. मग मनाचे दोन प्रश्न : कामात रस वाटेनासा झालाय का, उदास वाटतं का. नावं विसरण्याचा प्रश्न फक्त साठीपुढच्यांना.

तंबाखूला आत्यानं साफ ‘नाही’ म्हटलं होतं. “मग मशेरी?” असं आशाताईंनी विचारल्यावर म्हणाली, “ती कुठं तंबाखू हाय?”

स्मृतिभ्रंशावर लेख लिहायचा म्हणून मी पुण्याहून कागदांचा गठ्ठा घेऊन आलो होतो. त्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगाची यादी होती. स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणारे आणि बदलता येण्याजोगे चौदा घटक त्यात आहेत. रात्री ती यादी आणि सीबॅकचा कोरा फॉर्म शेजारीशेजारी ठेवून पाहिले. चौदातले दहा घटक या ना त्या रूपात आशाताईंच्या कागदावर होते. विसरण्याचा म्हणून छापलेला प्रश्न एकच, आणि तो विचारला जातो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. वेळेवरचे दहा प्रश्न मात्र दुसऱ्याच रोगांच्या नावावर जमा आहेत.

*

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो, की हा आजार आहे हेच त्या सहजतेत हरवतं. म्हातारचळ, भ्रमिष्टपणा, ‘दुसरं बालपण’ हे शब्दही त्याच घराण्यातले. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाची लक्षणं लोकांना ओळखीची होती, पण त्यांना कुणी आजार म्हणत नव्हतं. वय झालं, घरच्यांनी दुर्लक्ष केलं, प्रेम मिळालं नाही, ताण झाला, ही कारणं लोक देत होते. दुसऱ्या कारणाचा चटका मोठा असतो, कारण म्हातारी वाट चुकली की गाव सुनेकडे बघतं.

१९०६ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या सभेत आलोइस अल्झायमर यांनी आपल्या रुग्णाच्या मेंदूत सापडलेल्या गाठी आणि पुटं मांडली, त्याला आता एक शतक उलटून गेलं. ती बाई पन्नाशीची होती. त्यामुळे बराच काळ ‘अल्झायमर’ हा तरुण वयातला विरळा आजार आणि म्हाताऱ्यांचं विसरणं हे निसर्गाचं काम, अशी वाटणी राहिली. ती आता टिकत नाही. ऐंशीच्या पुढच्या बऱ्याच मेंदूंत अल्झायमरची पुटं असतात, शिवाय बारीक रक्तवाहिन्या चोंदल्याच्या खुणा आणि न कळत येऊन गेलेल्या छोट्या पक्षाघातांचे डागही असतात. हा सगळा माल लक्षणं दिसण्याआधी वीसवीस वर्षं साठत असतो. म्हणजे सत्तरीत दार वाजवणारा पाहुणा पन्नाशीतच घरातून निघालेला असतो.

भारतात किती जणांना हा आजार आहे, याचा भरवशाचा अंदाज ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये आला. साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. पुरुषांत ५.८ टक्के, बायकांत ९. शहरांत ५.३, खेड्यांत ८.४. हे आकडे मी दोनदा वाचले. शहरी ताणानं, धावपळीनं डोकी बिघडतात असं आपल्याला वाटत असतं. इथे जास्त भार दिसतो तो खेड्यातल्या बाईवर.

असं का, याची उत्तरं चौदा घटकांच्या यादीत आहेत. गिल लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखालच्या या आयोगानं २०१७ मध्ये नऊ घटक मांडले होते, २०२० मध्ये बारा आणि २०२४ मध्ये चौदा. नव्यानं आलेले दोन म्हणजे मध्यम वयातलं वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल आणि उतारवयातली अधू दृष्टी. हे चौदाही घटक पुरते नाहीसे झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असं गणित आहे. त्यात कमी ऐकू येणं आणि कोलेस्टेरॉल यांचा वाटा प्रत्येकी ७ टक्के, शिक्षण हुकणं आणि एकटं पडणं प्रत्येकी ५, हवेचं प्रदूषण ३, डोक्याला मार ३.

या आकड्याकडे जरा जपून पाहायला हवं. घटक आणि आजार यांच्यातलं नातं कार्यकारणाचं आहे असं धरून हा हिशेब मांडलेला आहे आणि तो सगळ्या जगाचा आहे. ‘तुमची जोखीम ४५ टक्क्यांनी कमी करा’ असं त्याचं भाषांतर काही जाहिरातींनी केलं आहे, ते चूक आहे. हा लोकसंख्येचा आकडा. एका माणसाच्या कपाळावर तो चिकटवता येत नाही.

आणि तरीही आपण चिकटवतो. बदाम भिजवा, कोडी सोडवा, डाव्या हातानं दात घासा. दिवाळी अंकाच्या चार पानांमागे स्मरणशक्तीच्या रसायनाची एक जाहिरात असते. या अंकातही असेल, संपादकांनी रागावू नये. मीही रोज सकाळी सुडोकू सोडवतो आणि सुटलं की मेंदूला तेलपाणी केल्याचं समाधान मिळवतो. त्यात वाईट काही नाही. मात्र आत्याला सुडोकू सांगून काय होणार होतं? तिच्या आयुष्यातले मोठे निर्णय, म्हणजे शाळा, धूर, गोळी, तिच्या हातात कधी नव्हतेच.

*

जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञानं १९८५ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात केनियातले भटके लोक आणि लंडनमधले सरकारी नोकर यांच्या रक्तदाबाची तुलना आहे. ‘या माणसाला रक्तदाब का झाला?’ हा एक प्रश्न. ‘या साऱ्या समाजाचाच रक्तदाब त्या समाजापेक्षा जास्त का?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतो. दुसऱ्याचं उत्तर बाजारात, ताटात, कायद्यात शोधावं लागतं. रोझ यांचा दुसरा मुद्दा पचायला जड आहे. बहुतेक आजारी माणसं अतिजोखमीच्या मूठभरांतून येत नाहीत, मधल्या मोठ्या घोळक्यातून येतात, कारण तिथे माणसंच जास्त असतात. तो घोळका थोडासा सरकवला तर समाजाला फार लाभ होतो, पण त्यातल्या कुणा एकाला ‘मी वाचलो’ असं कधी वाटत नाही. ज्यांनी आभार मानायचे तेच लोक सापडत नाहीत. निवडणुकीच्या राजकारणात अशा कामाला कोण विचारतो?

आपल्याकडे याचं एक जुनं, यशस्वी उदाहरण स्वयंपाकघरात ठेवलेलं आहे. १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून गलगंड घटवून दाखवला. पुढे १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि आज घराघरात आयोडीनयुक्त मीठ आहे. आयोडीन कमी पडलं तर गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. कुठल्याही आईला ‘आयोडीनचं महत्त्व’ यावर भाषण ऐकावं लागलं नाही. मीठ बदललं. माणसाला सवय बदलावी लागली नाही.

याहून मोठी गोष्ट फिनलंडची. आत्या खडी फोडत होती, त्याच १९७२ साली फिनलंडच्या पूर्वेकडच्या उत्तर कारेलिया प्रांतात एक प्रकल्प सुरू झाला. तिथले लाकूडतोडे आणि शेतकरी ऐन चाळिशी-पन्नाशीत हृदयविकारानं कोसळत होते. त्या काळी जगात सर्वांत वाईट म्हणावं असं तिथलं प्रमाण होतं. हैराण झालेल्या लोकांनीच १९७१ मध्ये सरकारकडे अर्ज केला. काम हाती आलं विशीतल्या पेक्का पुस्का या डॉक्टरच्या. लोणी हा त्या प्रांताचा धर्म होता, पावावर आणि भाजण्या-तळण्यात लोणीच. पुस्का यांनी दवाखान्यात बसून सल्ले दिले असते तर आज त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं. त्यांनी ‘मार्था’ या गृहिणींच्या संघटनेला धरलं आणि गावोगाव कमी तुपामिठाच्या स्वयंपाकाच्या पंगती घातल्या. सॉसेज बनवणाऱ्यांना चरबी आणि मीठ कमी करायला लावलं. दुधाचा धंदा बसला तर लोक विरोध करणार, म्हणून दूध-उत्पादकांना बेरीची लागवड करायला मदत मिळवून दिली. कामाच्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू पुढच्या काही दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटले.

हृदयाची गोष्ट इथे संपते, मेंदूची सुरू होते. १९७२ ते १९८७ या काळात तपासलेल्या लोकांपैकी १४४९ जणांना १९९८ मध्ये पुन्हा बोलावलं गेलं. मिया किविपेल्टो या तरुण संशोधिकेनं जुने कागद आणि नवे मेंदू यांची गाठ घालून दिली : ज्यांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल मध्यम वयात चढलेलं होतं, त्यांना दोन दशकांनंतर अल्झायमर होण्याची शक्यता जास्त होती. हृदयासाठी ठेवलेल्या नोंदवहीत स्मृतिभ्रंशाचं मूळ सापडलं. पुढे किविपेल्टोंनी ‘फिंगर’ हा गाजलेला प्रयोग केला. ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचे सराव आणि रक्तदाब-साखरेवर नजर, असं सगळं एकत्र दिलं. २०१५ मध्ये निकाल आला आणि त्या गटाची बौद्धिक कामगिरी बरी निघाली. जगभर आता ‘फिंगर’च्या धर्तीवर केंद्रं निघताहेत. मला मात्र त्याच्या आधीचे लोणी आणि सॉसेजचे निर्णय जास्त मोलाचे वाटतात. प्रयोगातल्या माणसामागे आहारतज्ज्ञ, व्यायामशिक्षक, परिचारिका असा ताफा लागतो. कोरेगावच्या बाजूला तो कुठून आणायचा?

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या कॅरल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांच्या अंतरानं त्याच तीन भागांत त्याच पद्धतीनं पाहणी केली. जुन्या प्रमाणानं पासष्टीपुढच्यांपैकी ८.३ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असायला हवा होता, प्रत्यक्षात निघाला ६.५ टक्के. सगळ्या ब्रिटनला लावलं तर हिशेबातून दोन लाखांहून जास्त माणसं गळाली. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्येही १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दर दशकाला सुमारे २० टक्क्यांनी नवे रुग्ण घटत गेले, पण फक्त शालान्त शिक्षण पुरं केलेल्यांत. यातल्या कुठल्याही देशानं तेव्हा ‘स्मृतिभ्रंश रोखा’ अशी मोहीम चालवली नव्हती. शाळा वाढल्या, सिगारेटी कमी झाल्या, रक्तदाबाच्या गोळ्या मिळू लागल्या. मेंदूला ते फुकटात मिळालं.

*

गोळीकडे वळतो, कारण या विषयात आपल्याला सर्वांत जवळचा पुरावा गोळीचाच आहे.

चीनच्या ग्रामीण भागात ३२६ गावांत एक प्रयोग झाला. चाळिशीपुढचे, रक्तदाब ताब्यात नसलेले ३३,९९५ लोक. निम्म्या गावांत नेहमीचे उपचार चालू ठेवले. उरलेल्या गावांत तिथल्याच ‘गाव-डॉक्टरां’नी, म्हणजे जुजबी शिक्षण घेतलेल्या स्थानिक आरोग्यसेवकांनी, ठरलेल्या पायऱ्यांनी औषधं वाढवत नेली, औषधं स्वस्त दिली, घरी रक्तदाब मोजायला यंत्र दिलं. चार वर्षांनी त्या गावांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी होतं. २०२५ मध्ये हा निकाल ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. मोठ्या इस्पितळातला मेंदूतज्ज्ञ या गोष्टीत कुठेही नाही.

त्याच देशातला मिठाचा प्रयोगही सांगितला पाहिजे. उत्तर चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांपैकी अर्ध्यांना साध्या मिठाऐवजी, पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पक्षाघात ही स्मृतिभ्रंशाकडे जाणारी सरळ वाट आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना हे मीठ चालत नाही, म्हणून ते सरसकट रेशनवर द्यावं असं मी म्हणणार नाही. पण खारावलेल्या मिरच्या, पापड, लोणचं, वेफर्स आणि हॉटेलची भाजी मिळून आपण दिवसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ ग्रॅमच्या मर्यादेपेक्षा बरंच जास्त मीठ खातो. यात लोणच्याच्या बरणीला दोष देणं सोपं आहे. पाकिटातल्या मिठाला मर्यादा घालणं हे सरकारचं काम आहे, आणि पाकीट बरणीएवढं गरीब नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांपुढच्या २४ टक्के पुरुषांना आणि २१ टक्के स्त्रियांना रक्तदाब होता. आपल्याकडे ‘भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ २०१७-१८ च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातले चार जिल्हे निवडले गेले : भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा. पद्धत साधी. साऱ्यांना एकच पायऱ्यांचा तक्ता, आधी अ‍ॅम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन. महिन्याच्या गोळ्या एकदम. आणि न आलेल्या रुग्णाला फोन किंवा निरोप. म्हणजे आत्याच्या पिशवीतल्या पट्टीवर जे नाव छापलंय, तेच चीनच्या गावांतल्या यशामागच्या औषधांच्या घराण्यातलं आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाची किंमत वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर होती आणि त्यानं घसरण थांबत नाही, मंदावते. अ‍ॅम्लोडिपिनला दिवसाला चहाच्या कपाएवढेही पैसे पडत नाहीत. पण अ‍ॅम्लोडिपिनवर बातमी होत नाही.

“गोळी रोज घेतेस का?” मी आत्याला विचारलं.

“डोस्कं जड झालं की घेते.”

*

शाळेबद्दल लिहिताना मला संकोच वाटतो, कारण महाराष्ट्रात या विषयावर अभिमानानं बोलायची सवय आहे. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा भरली हे खरं. त्यानंतर १०३ वर्षांनी, म्हणजे आत्या जन्मली त्या १९५१ च्या जनगणनेत, देशातल्या स्त्रियांची साक्षरता ९ टक्क्यांच्याही खाली होती, हेही खरं. लहानपणीचं शिक्षण मेंदूत एक प्रकारची शिल्लक टाकतं असं मानतात. पुढे आजारानं खातं उपसायला सुरुवात केली, तरी ती शिल्लक असलेला माणूस बराच काळ चालवून नेतो. आत्याच्या पिढीतल्या बायकांचं खातंच उघडलं गेलं नाही. बायकांच्या त्या ९ आणि खेड्यांच्या ८.४ टक्क्यांच्या मागे हेही आहे.

इथे एक अडचणही आहे. निरक्षर माणसाची स्मृती मोजायची कशी? परदेशी चाचण्या ‘एक वाक्य लिहा’, ‘आज तारीख काय’ असं विचारतात. १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी काम केलं तेव्हा चाचणी नव्यानं बेतावी लागली, म्हणजे सकाळ आहे की दुपार, कोणता ऋतू आहे, असे प्रश्न आले. आत्याला तारीख सांगता येणार नाही. पण कोणत्या नक्षत्रात पाऊस पडला आणि कोणतं कोरडं गेलं, हे गेल्या दहा वर्षांचं तिला पाठ आहे. सीबॅकच्या त्या प्रश्नाला तिनं दिलेलं उत्तर नीट ऐकलं तर कळतं की बुद्धी चांगली शाबूत आहे आणि प्रश्न थोडा तोकडा आहे.

सुवर्णा अल्लादी यांचा हैदराबादेतला, २०१३ मधला अभ्यास मला आवडतो. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांत, एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला होता. आणि हा फरक शाळेत न गेलेल्यांतही दिसला. सगळ्याच अभ्यासांनी याला दुजोरा दिलेला नाही. तरी सोलापूर-अक्कलकोटच्या बाजाराला कानडी-मराठी-तेलुगू एका वाक्यात कालवणाऱ्या बायका पाहिल्या की वाटतं, यांना कुणी दुसरीतून काढलं असलं तरी भाषांनी एक शाळा चालवली.

यादीतलं हवेचं प्रदूषण आत्याच्या घरी चुलीतून येतं. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर २०१६ नंतर आला, चूल मात्र पुरती विझली नाही. आत्या भाकरी अजूनही चुलीवर करते, ‘गॅसवर फुगत न्हाय’ म्हणून. सिलिंडर पुन्हा भरायला पैसे लागतात, हे दुसरं कारण ती सांगत नाही, सून सांगते.

कानाचा प्रश्न आपण हसण्यावारी नेतो. बहिऱ्यावर विनोद आहेत, आंधळ्यावर एवढे नाहीत. ऐकू कमी आलं की माणूस बोलण्यातून उठतो, मग घरातून उठतो, मेंदूला काम उरत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये पुऱ्या झालेल्या एका मोठ्या चाचणीत श्रवणयंत्रांनी सगळ्यांना लाभ दाखवला नाही, पण ज्यांची जोखीम मुळातच जास्त होती त्यांच्यात तीन वर्षांत बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्यांना चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात. त्यात चष्मा येतो. नीट बसवलेलं, पुढे दुरुस्त होणारं यंत्र येणं कठीण. आणि दुसऱ्या हातानं आपण विसर्जनाच्या मिरवणुकीत छाती हादरवणारी डीजेची भिंत उभी करतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. यंत्र वाटण्यापेक्षा भिंत उतरवणं स्वस्त आहे, पण भिंतीमागे मंडळ असतं आणि मंडळामागे नगरसेवक.

हेल्मेटचंही तेच. डोक्याला बसलेला मार यादीत आहे. चांगलं हेल्मेट दुचाकीस्वाराच्या डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशानं घटवतं. आमच्या पुण्यात मात्र २०१९ च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, आणि मोर्चेकऱ्यांत सुशिक्षित, सुडोकू सोडवणारी मंडळी पुष्कळ होती. स्वतःच्या मेंदूच्या व्यायामासाठी पहाटे पाचला टेकडी चढायची आणि उतरल्यावर उघड्या डोक्यानं गाडीला किक मारायची, ही आमची पद्धत.

एकटेपणा आणि उदासी यांबद्दल धोरण काय करणार, असा प्रश्न येतो. गोव्यातच त्याचं एक उत्तर आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी साठीपुढच्या, उदासीच्या उंबरठ्यावर असलेल्या १८१ जणांवर ‘दिल’ नावाचा प्रयोग केला. मानसोपचारतज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेली साधी माणसं घरी जायची, अडचणी सोडवायला शिकवायची, झोपेचं बघायची, सरकारी योजनांचे कागद जुळवून द्यायची. वर्षभरात नेहमीच्या गटात सुमारे १४ टक्के लोकांना नैराश्य आलं, या गटात ४ टक्क्यांच्या आसपास. पेन्शनचा अर्ज भरून देणं हाही मेंदूचा इलाज ठरतो, हे मला फार पटलं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये स्मृतिभ्रंशाची जागतिक कृती-योजना मंजूर केली. २०२५ पर्यंत तीनचतुर्थांश देशांनी आपापला आराखडा करावा, असं ठरलं होतं. तेवढं जमलं नाही आणि मुदत वाढली. केरळनं २०१४ मध्येच राज्यपातळीवर उपक्रम काढला, कर्नाटकानं ‘निम्हान्स’ या मेंदू-मनाच्या आजारांवरच्या संस्थेबरोबर मेंदूच्या आरोग्याचा कार्यक्रम घेतला. देशाचा स्वतंत्र आराखडा अजून नाही. तो व्हावा, स्मृतिचिकित्सालयं व्हावीत, सांभाळणाऱ्या सुनांना सुट्टी मिळावी. पण त्या आराखड्याची वाट बघत थांबायची गरज नाही, कारण त्याचा अर्धा भाग आशाताईंच्या पिशवीत घडी करून ठेवलेला आहे आणि उरलेला अर्थ, शिक्षण, परिवहन, अन्न या खात्यांच्या टेबलांवर आहे. तिथे बसलेल्या कुणाला आपण स्मृतिभ्रंशाचं काम करतो हे ठाऊक नाही, एवढंच.

*

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन आम्ही उपकेंद्रात गेलो. फलकावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं आहे, गाव अजून दवाखानाच म्हणतं. बाकावर सातआठ बायका. सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, मॅडम तिशीच्या आतल्या, सगळ्यांना ‘मावशी’ म्हणणाऱ्या. आत्याचा रक्तदाब १६८ वर ९६ निघाला. ‘डोस्कं जड झालं की घेते’ हे तिनं तिथेही सांगितलं. मॅडमचं रागावून झालं, त्यांनी पट्ट्या मोजून दिल्या, पुढच्या महिन्याची तारीख कार्डावर लिहिली आणि शेजारी सूर्य काढला. सकाळी घ्यायची म्हणून.

मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. “तुम्हीही बसा.”

“मला काय झालंय?” सून उभीच. ती सत्तेचाळीसची. आशाताईंनी काल तिचाही फॉर्म भरला होता. घाईत, भाकरी थापता थापता. नावं विसरण्याचा प्रश्न तिला विचारला नव्हता, तिचं वय त्या रकान्यात बसत नाही.

पट्टा आवळला, सुटला. १४६ वर ९४. मॅडमनी पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतला. १४८ वर ९४.

“आठवड्यानं परत या. तेवढाच निघाला तर गोळी सुरू करू.”

“किती दिवस घ्यायची?”

“रोज.”

“रोज म्हंजे किती दिवस?”

मॅडमनी नवं कार्ड काढलं. “पूर्ण नाव सांगा.”

सुनेनं आपलं नाव सांगितलं, त्याला जोडून नवऱ्याचं, मग आडनाव. एका दमात, पेन्शनच्या खिडकीवर सांगावं तसं. बाकावरून आत्यानं तिच्याकडे पाहिलं, पदर पुढे ओढला आणि आपल्या पट्टीवरची अक्षरं बोटानं मोजत बसली.